बदामाचा पाव

शहराला वेढा पडून सातवा महिना लागला आणि कोठारातलं पीठ संपलं. उरले फक्त बदाम आणि साखर. जिंकू त्या दिवशी वाटायचे म्हणून सगळ्यांसमक्ष कुलपात ठेवलेले.

"हेच कुटून पाव कर, आणि तोंड बंद ठेव," कोठारप्रमुख पाववाल्याला म्हणाला. "पीठ संपल्याचं कळलं, तर लोक स्वतःच वेस उघडून देतील."

सकाळी पाववाल्याने रांगेतल्या पहिल्या आजींच्या हातावर इवलासा पाव ठेवला. आजी चावता चावता थांबल्या.

आजी रांगेकडे वळल्या. डोळ्यांना धार लागली होती.

"अरे, गोड आहे!" त्या ओरडल्या. "जिंकलो आपण! उघडा रे ती वेस!"