कुरवाची ओळख

पक्ष्यांची भाषा उलगडली, त्या दिवशी मानवजातीचा एकटेपणा संपला असं म्हणतात. निळकंठराव वर्तकांना मात्र एवढंच हवं होतं, की दर हिवाळ्यात लडाखहून येणाऱ्या त्या लंगड्या कुरव पक्ष्याने आपल्याला ओळखावं. अभयारण्याच्या किनाऱ्यावर त्यांनी भाषांतरयंत्र कानात घातलं. कुरव थेट समोर उतरला आणि ओरडला.

"शेववाली आली. सोबत तोही आहे."

निळकंठरावांनी बायकोकडे पाहिलं. सुलभाताईंनी पिशवी पाठीमागे नेली.

"तू याला शेव घालतेस?"

"अहो, किती लांबून येतो तो."

"'तोही' म्हणाला. म्हणजे ओळखतो ना मला?"

"ओळखतो हो."

मग तिघांनी मिळून शेव संपवली. 'पक्ष्यांना खायला घालू नये' हा तिथला फलक निळकंठरावांनीच लावला होता.