सहा वाजेपर्यंत

बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम. पाचवं पान किलवरचा गुलाम. किलवरचा टाकून बदाम दश्शी आली असती तर पोकरच्या मशीनने मेडलांचा, म्हणजे खेळायच्या खोट्या नाण्यांचा, ढीग ओकला असता. हिशेबाने डाव तोच खेळायला हवा होता आणि गुणवंतला हिशेब पाठ होता, शेवटी माणूस प्रोग्रामर. तरी त्याने दोन गुलाम धरून ठेवले, बाकीची पानं बदलली. लावलेली मेडलं तेवढी परत आली. "दुप्पट करता?" असं मशीनने झगमगत विचारलं. त्याने नेहमीप्रमाणे नाही म्हटलं.

"अहो."

मागे त्याची बायको उभी होती. फेब्रुवारीचं वारं सुटलेलं आणि पद्मिनी कोट न घालताच आली होती. गेम सेंटरबाहेरची सायकल तिने ओळखली होती. सीटवर साडीच्या दुकानाची पिशवी चढवलेली सायकल सबंध ओजिमा वस्तीत एकच.

गुणवंतने शेजारच्या मशीनपुढच्या स्टुलावरची बॅग काढून घेतली. ती बसली.

"ऑफिसात फोन केला होता मी. ती मुलगी फार गोड बोलली. गुणवंत-सान डिसेंबरपासून इथे नाहीत म्हणाली, आणि वर माझीच माफी मागितली."

त्याने मेडल टाकून पुढचा डाव घेतला.

"तेव्हा डब्याचा उलगडा झाला. लग्न झाल्यापासून कधी डबा धुऊन आणला नाहीत, आणि हल्ली रोज धुतलेला. मला वाटलं, जपानचं वळण लागलं."

"इथे बेसिनला गरम पाणी येतं," तो म्हणाला.

पलीकडच्या मशीनवर सूट-टायमधले किमुरा-सान बसले होते, साठीला टेकलेले. त्यांनी पद्मिनीला मान लववली, सहकाऱ्याच्या बायकोला लववावी तशी.

"दिवसभर हेच करता?"

"उरलेली मेडलं काउंटरवर ठेवून घेतात, दुसऱ्या दिवशी परत देतात. लहानसहान धरत राहिलं की सहापर्यंत पुरतात. मोठ्याच्या मागे लागलं की जेवायच्या आत खलास. मग जायचं कुठे?"

"आणि मोठं लागलं तर?"

"तरी मेडलंच. त्यांचे पैसे होत नाहीत इथे."

पद्मिनी वाटेत भांडणाची तयारी करून आली होती. तो राग आता कुठे गेला ते तिलाच कळेना. उरली ती नुसती भीती.

"शिरीषभावजींचा फोन होता पुण्याहून. त्यांच्या कॉलेजात शिकवायची जागा आहे. पगार बेताचा, पण नोकरी कायमची. आज कॉलेज सुटायच्या आत नाव द्यायचंय. हो म्हणू ना?"

"मार्चपर्यंत व्हिसा आहे. तोवर एखादं काँट्रॅक्ट..."

"मिळेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही." हे मात्र त्याने लगेच सांगितलं.

"मग हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला? इथे तर एवढं जपून खेळता."

"इथे हरलो तर कुणाला तोंड दाखवायचं नसतं. निघताना अख्खी सोसायटी विमानतळावर आली होती, पद्मा. आईने तिथेच सगळ्यांसमोर ओवाळलं. मला काही सुचत नाही. तू सांग, काय करू?"

'चला' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण त्या गर्दीत नवी साडी नेसून तीही उभी होती, आणि तिला सगळ्या बायकांचे चेहरे आठवले. ती त्याच्या मशीनच्या पडद्याकडे बघत राहिली. त्यावर 'दुप्पट करता?' पुन्हा झगमगत होतं.

सहा वाजले. किमुरा-सान उठले. त्यांनी टाय सारखा केला, उरलेली मेडलं काउंटरवर ठेवायला दिली आणि दोघांकडे वळून कमरेत वाकले.

"ओत्सुकारेसामा देशिता."

ऑफिस सुटताना म्हणतात ते. गुणवंतनेही अर्धवट उठून वाकत तेच परत म्हटलं.

"चला," पद्मिनी शेवटी म्हणाली. "घरी जाऊन फोन लावू."

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"पुण्यात आत्ता अडीचच वाजलेत, कॉलेज सुटायला वेळ आहे," तो म्हणाला, आणि वाटीतली निम्मी मेडलं त्याने तिच्या मशीनपुढे ठेवली.