माळ्यावरची शिंक

"मुलगा घरात आहे?" निरीक्षकाने विचारलं.

"माझ्या माहितीत तरी नाही," भास्करराव म्हणाले. मनगटावरचा दिवा हिरवाच राहिला. ते खोटं बोलले असते तर तो लाल झाला असता, आणि लाल दिव्याची माणसं परत घरी येत नसत.

निरीक्षक इंदुताईंकडे वळला. त्यांनी ओठांवर बोट ठेवून देवापुढची समई दाखवली. निरंजन पळाल्यापासून त्यांनी मौनव्रत धरलं होतं, आणि कुणाचं व्रत मोडायला कायद्याची परवानगी नव्हती.

"उद्या पुन्हा येईन," असं बजावून तो गेला.

भास्कररावांचा जीव भांड्यात पडला, पण बायकोचा रागही आला. पोटचा पोर परागंदा झाला आणि ही बया व्रतं करत बसलीय!

तेवढ्यात माळ्यावर कुणीतरी शिंकलं. मग लागोपाठ आणखी दोनदा. ती शिंक त्यांच्याच घराण्यातली होती.

इंदुताईंनी डोळे गच्च मिटले.

भास्करराव बराच वेळ वर बघत राहिले. मग उठून त्यांनी समईत तेल घातलं.

"आजपासून मीही मौन धरतोय," ते म्हणाले. "देवासाठी" असंही म्हणणार होते, पण मनगटाकडे बघून तो शब्द त्यांनी गिळला.