वर्थलेस म्हणजे

यजमान गेल्यापासून शोभनाताईंना झोप लागत नव्हती. मुलाने त्यांना अकोल्याहून अमेरिकेत, पिस्कॅटवेला आणलं आणि सून वल्लरी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई छापील कागदावरचे प्रश्न इंग्रजीत विचारत होत्या, वल्लरी ते मराठीत सांगत होती.

"होपलेस?"

"आई, पुढे काही चांगलं होईल असं वाटेनासं झालंय का?"

"छे गं. ह्यांची आठवण येते, रडते, मग उठून चहा करते."

डॉक्टरबाईंनी पुढचा शब्द वाचला, "वर्थलेस?"

वल्लरी जरा घुटमळली. मग हळूहळू बोलू लागली, "म्हणजे, घरातलं माणूस कामाला गेलं की वाटतं, आपण कशाला उठलो? एवढं शिकून या व्हिसावर नोकरी करता येत नाही. आपण नसलो तरी संध्याकाळपर्यंत कुणाला कळायचंसुद्धा नाही..."

शोभनाताई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"वल्लरी, अगं, त्या तर एकच शब्द बोलल्या."

वल्लरीने मान खाली घातली. शोभनाताईंनी तिचा हात घट्ट धरला आणि डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "मी ओके. प्लीज, आस्क हर."