धुऱ्यावरचा उजेड

"आजी, उद्या हे चित्रण सगळ्यांसाठी खुलं होणार. त्याआधी घरच्यांना दाखवायचं, असा आदेश आहे," चौकशी समितीचे साहेब म्हणाले.

मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत धुरपताबाई खुर्चीच्या कडेला टेकली. शेजारी थोरला मुलगा रामकिसन.

दोन वर्षांपूर्वी, रामनवमीला दिवस बुडताना त्यांच्या शिवारावरून एक निळसर उजेड गेला. आवाज नाही, धूर नाही. अर्ध्या गावाने पाहिला. त्याच संध्याकाळी तिचा धाकटा विनोद शेतातून परतला नाही. उजेडानेच नेलं, असं आधी रामकिसन म्हणाला आणि मग सगळेच म्हणू लागले.

सरकार मात्र गप्प. धुरपताबाईने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. टवाळांनी तिला 'विमानवाली माय' असं नाव ठेवलं, तरी ती हटली नाही. नेलं असेल तर परतही आणतील, एवढ्या एका आशेवर ती जगत होती. सून संगीताला तिने कुंकू पुसू दिलं नव्हतं.

"माय, कायले जीव जाळून राह्यली? चाल घरी, बस निघून जाईन," रामकिसन म्हणाला.

"दोन वर्सं थांबली मी. तू घडीभर थांब."

साहेबांनी संगणक तिच्याकडे वळवला. त्या संध्याकाळी आधी वाशीमकडे दिसलेल्या उजेडाचा माग काढणाऱ्या विमानातून ते टिपलं होतं. काळं शिवार आणि अंगाच्या उबेने पांढरी दिसणारी माणसं. उजेड नेमका काय होता हे समितीलाही कळलं नव्हतं. अहवालात तसं सरळ लिहिलं होतं.

"हे तुमचं शेत. ही दोन माणसं विहिरीकडे निघालीत. इथं बघा, धुऱ्यावर, या बांधावर, दोघंही वाकले, जमिनीला हात लावला. तिथं काही देवबिव आहे का?"

धुरपताबाई पडद्याकडे सरकली. त्या धुऱ्यावर ना दगड होता ना शेंदूर. तिचं पहिलं लेकरू, सव्वा महिन्याचं, तिथं पुरलं होतं. ओलांडताना भावाच्या पाया पडायचं, हे तिने दोन्ही पोरांना लहानपणीच शिकवलं होतं. गावात तिसरं कोणी तिथं वाकत नव्हतं.

पण रामकिसन तर त्या दिवशी पोहरादेवीच्या यात्रेत होता. पोलिसांना त्याने तसंच सांगितलं होतं.

पडद्यावर दोघं विहिरीच्या काठावर हातवारे करत होते. मग एकच उरला. तो धावत परतला, धुऱ्यावर न वाकता. उजेड आला तो त्यानंतर, चांगल्या पाव तासाने.

ती विहीर रामकिसनने त्याच उन्हाळ्यात बुजवून टाकली होती.

"कोणाला ओळखता का, आजी?"

तिने शेजारी पाहिलं. रामकिसन फरशीकडे बघत होता, लहानपणी मार खाण्याआधी बघायचा तसा. संताप आला, रडू आलं, आणि दोन्ही तिने गिळलं.

धुरपताबाईने पदराने तोंड पुसलं.

"नाही बाप्पा. यातलं कोनीच माह्या घरचं नाही. माह्या विनोदले उजेडानंच नेलं, असं लिवा तुमच्या कागदात."