तिकीटखिडकी

"ताट आडवं जात नाही गं, आणि तिरपं केलं की आमटी सांडते," नणंद खिडकीशी वाकून कुरकुरली.

"वाट्या वेगळ्या देते," आतून वहिनी म्हणाली.

इंग्रजांच्या काळातलं बंद पडलेलं स्टेशन विकत घेऊन वहिनीच्या नवऱ्याने त्याचं घर केलं होतं, आणि आज वास्तुशांत होती. तिकीटघराचं स्वयंपाकघर झालं, पण खिडकी मोठी करायची नाही आणि लाकडी छताला पंख्यासाठी भोक पाडायचं नाही, असा त्याचा दंडक होता. पाहुणे आळीपाळीने वाकत. आतून बांगड्यांचा एक घामेजला हात वाटी पुढे सरकवी. त्या हाताकडे न बघता सगळे वरच्या दगडी कमानीचं कौतुक करत.

"काय डोकं त्या साहेबाचं. तिकीट बाहेर येईल, पण चोराचा हात आत जाणार नाही," नवरा सांगत होता. "एकेका तिकीटमास्तरने इथे अख्खी नोकरी काढलीय. हिला एवढं काय होतंय?"

सगळे हसले. त्याच्या आईने मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

"त्या मास्तरला संध्याकाळी घरी तरी जाता यायचं रे."