माणूस पडण्याचा आवाज

"मेला, पण जोरात मेला नाही," दिग्दर्शक म्हणाला. "दादा, हा टोळीचा म्होरक्या आहे. हा पडला की जमीन हादरली पाहिजे."

आवाजवाल्याने मान डोलावली आणि वाळूचं पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं. समोरच्या पडद्यावर सिनेमा थांबला होता. एका बाजूला टोप्या घातलेले घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला मोटारींना टेकून काळ्या कोटातले शहरी गुंड, मधे धुळीचा रस्ता आणि त्यावर मुडद्यांचा खच. चित्रीकरणाच्या वेळी धूळ उडवायला भलेमोठे पंखे लावले होते. त्यांच्या घरघरीत मूळ आवाज सगळा वाया गेला होता. आता घोड्यांच्या टापांपासून मोडणाऱ्या हाडांपर्यंत सगळं याच्या हातून व्हायचं होतं. टापा म्हणजे लाकडी वाट्या, हाडं म्हणजे काकड्या आणि पडणारी माणसं म्हणजे हे पोतं. निम्मं आयुष्य त्याने माणसं पाडण्यात घालवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

रेकॉर्डिंगचा दिवा लाल झाला. त्याने पोतं उचललं आणि तेवढ्यात वरून ठक ठक ऐकू आलं. टेक फुकट गेला.

खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या. छत तेवढं राहून गेलं होतं, आणि छताच्या वर, घराच्या माडीवर, त्याचे बाबा राहत होते. हाक मारायचा दम त्यांच्यात उरला नव्हता, म्हणून ते काठी आपटायचे. पाणी हवं, आपट. खिडकी लावायची आहे, आपट. काहीच नको, नुसता मुलगा वर यायला हवा, तरी आपट.

तो तणतणत जिना चढला. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते.

"आता काय हवंय, बाबा?"

"काही नाही रे. तो घोड्यावरचा मेला का, विचारत होतो."

"मेला. सगळे मेले."

"मला एक कळत नाही. यांच्याकडे मोटारी आहेत, तर मग घोडे कशाला?"

एरवी तो हसला असता. आज त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. हल्ली सिनेमावाले तयार आवाज विकत घ्यायचे. या दिग्दर्शकाने हट्टाने त्याला काम दिलं होतं. हे काम बिघडलं, तर दुसरं मिळण्याची आशा नव्हती.

"तुमच्या या काठीपायी हातचं काम जाईल माझं," तो म्हणाला. आणि मग जे म्हणायचं नव्हतं, तेही तोंडातून निघून गेलं. "मी वर येईपर्यंत ती जमिनीला लागता कामा नये. मेलात तरी आपटू नका."

बाबा काठीकडे बघत राहिले.

"बरं रे," ते म्हणाले. "नाही आपटत."

त्याला वाईट वाटलं. उंबऱ्यात तो क्षणभर घुटमळलाही. मागे वळून एखादा शब्द बोलला असता, तर काही बिघडत नव्हतं. पण खाली दिग्दर्शक खोळंबला होता. संध्याकाळी बोलू, असं स्वतःला सांगून तो उतरला.

काम पुन्हा सुरू झालं. म्होरक्या मरत होता, पण मनासारखा मरत नव्हता. कधी पोतं नुसतंच बसायचं, कधी उसळायचं. अशाच एका टेकच्या मधे वर काहीतरी पडलं. आवाज मऊ होता, आटोपशीर. दोरीवरून ओला पंचा घसरावा तसा.

दिग्दर्शकाने कानावरचे हेडफोन काढले. "काय पडलं वर?"

"उशी असेल. रागावले की उशी भिरकावतात."

"बघून या हवं तर."

"साहेब, माणूस पडल्याचा आवाज मला कळणार नाही होय?"

दिग्दर्शक हसला. तो मात्र थोडा वेळ छताकडे कान देऊन उभा राहिला. वर सामसूम होती. पडले असते, तर त्यांनी काठी आपटली नसती का? काठी वाजत नव्हती, म्हणजे सगळं ठीक होतं. म्हाताऱ्याने एकदाचं ऐकलं म्हणायचं, असं पुटपुटत तो पोत्याकडे वळला, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं.

दुपारभर वरून एकही ठोका आला नाही. इतकं सलग काम त्याला कित्येक महिन्यांत करता आलं नव्हतं. शेवटी त्याने पोत्याला जाड कातडी पट्टे आवळले, खाली पोकळ लाकडी फळ्या टाकल्या आणि स्टुलावर चढून पोतं सोडलं. खोली दणाणली.

"वा दादा!" दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "हा खरा पडला!"

दिग्दर्शक गेल्यावर त्याने दोन कप चहा केला, बाबांच्या कपात साखर जरा जास्तच घातली. सकाळचं बोलणं त्याला टोचत होतं. मोटारी असताना घोडे कशाला, याचं उत्तरही त्याने जुळवून ठेवलं होतं. हरणाऱ्यांचं पेट्रोल संपतं, बाबा, म्हणून. ते हसले असते.

त्याने पायाने दार ढकललं.

उशी पलंगावर जागच्या जागी होती. बाबा पलंग आणि दाराच्या मधे जमिनीवर आडवे पडले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. ओठ कोरडे पडले होते. काठी त्यांच्याजवळच होती. दोन्ही हातांनी त्यांनी ती छातीवर उचलून धरली होती, टोकसुद्धा जमिनीला लागू न देता.

कप सुटले. तो धावत त्यांच्याशेजारी बसला.

"अहो बाबा, आपटायची ना!"

बाबांनी डोळे उघडले. त्याचा चेहरा ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"झालं का रे तुझं?" त्यांनी हळूच विचारलं. "आता आपटू?"